माईक कोणी हलवला

मी तीसहून अधिक वर्षं ग्रंथालयात नोकरी केली. भुताखेतांची, पुनर्जन्माची, 'सत्य अनुभव' असं मुखपृष्ठावर छापलेली पुस्तकं शेकड्यांनी माझ्या हाताखालून गेली आणि ती सगळी मी निमूटपणे लोककथांच्या कपाटात लावली. पुस्तक परत करताना कोणी डोळे मोठे करून काही सांगायला लागलं, की मी शिक्का मारता मारता "हो का" म्हणायचे आणि पुढच्या माणसाकडे बघायचे. माझा विश्वास नव्हता, पण अविश्वासही मी कधी नीट विचार करून ठरवलेला नव्हता. तो प्रश्न माझ्या टेबलापर्यंत आलाच नव्हता... त्यामुळे वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या सदरासाठी लिहायला बसताना थोडं अवघडल्यासारखं होतंय. जे झालं ते क्रमाने लिहिते. त्यात माझी एक चूक आहे, आणि शेवटी एक खोटंही आहे. तेही लिहिणार आहे.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. पाच वर्षांनी लहान. वडील एका सरकारी कारखान्यात नोकरीसाठी पुण्याहून भोपाळला आले आणि आम्ही दोघं कारखान्याच्या कॉलनीत, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये वाढलो. पुढे मिलिंद त्याच कारखान्यात इंजिनिअर झाला आणि त्यालाही पिपलानीतच घर मिळालं. मी टी. टी. नगरला राहते, एकटी. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून हिंदीतून मराठीत अनुवाद करते.

मिलिंद कॉलेजात असल्यापासून गिटार वाजवायचा. साधी, लाकडी, विजेची नव्हे. कार्यक्रम वगैरे कधी केले नाहीत. कॉलनीच्या क्लबात वर्षातून एकदा कोणाच्या तरी गाण्याला साथ करायचा, एवढंच. पण त्याने स्वतः सात धुना रचल्या होत्या. शब्द नसलेल्या, चार-पाच मिनिटांच्या. गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या डाव्या हाताचं अनामिकेचं बोट आखडायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हे वाढणार. तेव्हा त्याने ठरवलं की बोट चालतंय तोवर सातही धुना घरीच, पण नीट रेकॉर्ड करून ठेवायच्या. चांगला माईक घेतला, लॅपटॉपला जोडायची पेटी घेतली, उंच स्टँड घेतला. मागच्या खोलीच्या भिंतींवर घरातल्या सगळ्या रजया टांगल्या. अनघा, त्याची बायको, म्हणाली, "पाहुणे आले तर काय रेकॉर्डिंग पांघरायला देऊ?"

रेकॉर्डिंगचा मोसम थंडीचाच. उन्हाळ्यात पंखा आणि कूलर बंद करून बसणं शक्य नाही, आणि चालू ठेवले तर त्यांचाच आवाज भरतो. म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत जेवढे दिवस मिळतील तेवढे. त्यातही रविवारची दुपार, दोन ते चार. तेव्हा कॉलनी जेवून झोपलेली असते, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेलेल्या असतात आणि फ्रिज दोन तास बंद ठेवला तरी चालतो.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगावी लागेल, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. गिटारच्या पोटाला जे गोल भोक असतं, आवाज तिथूनच येतो असं वाटतं. म्हणून नवखा माणूस माईक नेमका तिथे ठेवतो. तसं केलं की रेकॉर्डिंगमध्ये नुसता घुमारा येतो, रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा. खरी जागा जरा बाजूला असते. गिटारची मान जिथे पोटाला मिळते त्याच्या आसपास, साधारण दीड वीत अंतरावर, माईकचं तोंड थोडं तिरकं. पण 'आसपास' म्हणजे नक्की कुठे, हे प्रत्येक गिटारचं, प्रत्येक खोलीचं आणि मिलिंदच्या मते प्रत्येक धुनेचंही वेगळं. ती जागा शोधायला दोन माणसं लागतात. एकाने वाजवत राहायचं. दुसऱ्याने कानाला हेडफोन लावून, स्टँड न हलवता त्याच्या आडव्या दांडीवरचा माईक हाताने बोटबोटभर सरकवायचा, आणि आवाज जिथे उलगडेल तिथे थांबायचं. एकट्याला ते जमत नाही. दोन्ही हात तारांवर असतात. शिवाय गिटार छातीला टेकलेली असते, तिचा आवाज हाडांतून आत येत राहतो. हेडफोन घातला तरी तो वेगळा काढता येत नाही.

ते दुसरं माणूस मी होते.

"रिझवानला बोलाव ना," मी म्हटलं होतं. रिझवान त्याचा जुना मित्र, नाटकांना आणि लग्नांना साउंड लावतो.

"रिझवानला माईक कळतो," मिलिंद म्हणाला. "ही गिटार तुला कळते. पस्तीस वर्षं तू ती समोरून ऐकलीयेस. मी कायम तिच्या मागे बसलेला. ती कशी वाजते ते मला काय माहिती?"

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी गेले. पहिल्यांदा माईक सरकवताना मी हात लांब करून, मान वाकडी करून गिटारजवळ कान नेला.

"ताई, हेडफोन घातलायस तू."

"हो रे, सवय नाही."

"वाकून ऐकायचं असतं तर माईक कशाला घेतला असता? तुलाच स्टँडवर बसवलं असतं."

मग जमलं. तो एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होता आणि मी माईक सरकवत होते. भोकासमोर घुमारा... थोडं डावीकडे, घुमारा विरळ झाला... आणखी थोडं, आता बोटं तारांवर घासल्याचा आवाज जास्त. परत मागे. आणि मग एका ठिकाणी एकदम, खोलीतली बारीकशी धूळ खाली बसावी तसं सगळं स्वच्छ झालं. प्रत्येक तार वेगळी ऐकू येत होती आणि तरी सगळ्या मिळून एकच होत्या. मी बोट वर केलं. तो न थांबता म्हणाला, "तिथेच ठेव." आणि धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. पहिली धून एका दुपारी झाली. उरल्या सहा.

त्यानंतर मी गेले नाही.

कारण मोठं असं काहीच नव्हतं. अनुवादाची मुदत जवळ येत होती. रविवारी दुपारी घर शांत असतं, तेव्हा माझं काम चांगलं होतं. टी. टी. नगरहून पिपलानी म्हणजे एक सिटी बस, पाऊण तास. तरी मला ते दर रविवारी लांब वाटलं. मिलिंद शनिवारी संध्याकाळी फोन करायचा.

"उद्या?"

"उद्या नको रे, हे प्रकरण संपवते. पुढच्या रविवारी नक्की."

"बरं."

असं किती वेळा झालं ते मी नंतर मोजलं. अकरा वेळा. जानेवारीच्या शेवटी-शेवटी एका शनिवारी तो हसून म्हणाला, "ताई, तुझा पुढचा रविवार कॅलेंडरवर कुठे छापलाय ते तरी सांग. मी गोल करून ठेवतो."

"चिडलास?"

"नाही गं. बोट जरा जास्तच कुरकुरायला लागलंय, म्हणून. राहू दे, मी लावतो अंदाजे."

त्यावर मी काय म्हणाले ते आठवत नाही. बहुतेक "स्वेटर घालत जा" असं काहीतरी.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला मिलिंद दूध आणायला गेला आणि दुधाच्या बूथसमोरच्या कट्ट्यावर बसला तो बसलाच. हार्ट अटॅक. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. अनघा आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस नागपूरला गेली होती. ती रात्रीच्या गाडीने निघून सोमवारी पहाटे पोचली. तोवर दवाखान्यात मीच होते. त्याच्या खिशात घराची किल्ली होती, ती मी तिच्या हातात दिली. कुलूप तिने उघडलं.

पुढचे दिवस इथे लिहीत नाही.

तेराव्यानंतर अनघाने लॅपटॉप माझ्याकडे दिला. "माझ्याने ऐकवणार नाही. तुम्ही बघा काय आहे ते." त्यात नोव्हेंबर ते जानेवारीच्या फाइली होत्या, तारखेप्रमाणे. दर रविवारच्या. मी रोज थोड्या ऐकल्या. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला मिलिंद बोलतो. ते त्याचं नोंद ठेवणं होतं. "दुसरी धून, टेक चार. माईक भोकापासून एक वीत डावीकडे. ताई नाही." मग वाजवणं. आवाज घुमणारा, किंवा कोरडा, किंवा नुसती तारांची खरखर. मध्येच थांबणं, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, माईक हलवल्याची खडखड, परत बसणं. "टेक पाच. अर्धी वीत खाली. ताई नाही." तो तक्रार करत नव्हता. जसं 'पंखा बंद, फ्रिज बंद' म्हणायचा तसंच ते म्हणत होता. पण असं साठ-सत्तर वेळा ऐकल्यावर मला हेडफोन काढून गच्चीवर जाऊन उभं राहावं लागायचं.

पहिला रविवार सोडला तर तोवर ऐकलेल्या इतक्या फाइलींत एकही टेक चांगला नव्हता. त्याच्या वाजवण्यात खोट नव्हती. माईक कुठेच बरोबर लागला नव्हता.

शेवटची फाइल त्या रविवारची. दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी सुरू झालेली, एकोणीस मिनिटांची. सुरुवातीला तो म्हणतो, "सातवी धून. टेक एक." बाकी काही नाही.

तो एक ओळ वाजवायला लागतो. घुमारा आहे, म्हणजे माईक भोकासमोर आहे. तीच ओळ पुन्हा. पुन्हा. आणि मग आवाज हळूहळू बदलायला लागतो. वाजवणं थांबत नाही, खुर्ची सरकत नाही, खडखड नाही. नुसता घुमारा विरळ होत जातो... तारा पुढे येतात... जास्तच पुढे येतात, मग थोड्या मागे जातात. कोणीतरी माईक सरकवतंय, बोटबोटभर. मी स्वतः ते केलेलं होतं, त्यामुळे मला कळायला वेळ लागला नाही. आणि तो पूर्ण वेळ वाजवतोय, दोन्ही हातांनी.

चौथ्या मिनिटाला मिलिंद म्हणतो, "घाई नको, ताई."

आणखी काही वेळाने, अगदी हळू, "हं..."

आठव्या मिनिटाला आवाज एकदम स्वच्छ होतो. तो म्हणतो, "तिथेच ठेव." आणि सातवी धून पूर्ण वाजवतो. दोनदा. इतकी सुंदर ती मी कधीच ऐकली नव्हती. प्रत्यक्षातही नाही. त्याचं आखडलेलं बोट एका जागी किंचित उशिरा पडतं, तेही ऐकू येतं. ते तसंच असायला हवं असं वाटतं. शेवटची तार पूर्ण विझेपर्यंत कोणी हलत नाही. मग रेकॉर्डिंग बंद होतं.

मी त्या दिवशी माझ्या घरी होते. हे मला नक्की माहीत आहे, कारण अनुवाद करताना काम जिथे थांबवते तिथे समासात तारीख, वार आणि वेळ लिहायची माझी सवय आहे. नवव्या प्रकरणाच्या एका पानावर माझ्या अक्षरात त्याच तारखेसह लिहिलंय — रविवार, दुपारी पावणेचार. दीड वाजल्यापासून मी त्याच टेबलाशी होते. डुलकी नाही, स्वप्न नाही. मिलिंदची आठवणही आली नाही. हेच सांगताना सगळ्यात जास्त जड जातंय... मला त्याची आठवणही आली नाही.

मी रिझवानला बोलावलं. काय ऐकायचंय ते न सांगता फाइल लावून दिली. त्याने दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा डोळे मिटून.

"माईक चला है, दीदी. बहुत आराम से चला है. आपने किया?"

"गिटारच हलवली असेल त्याने," मी म्हटलं. "वाजवता वाजवता वळला असेल जरासा."

"नहीं. कबूतर सुनिए."

मला काही कळलं नाही. त्याने फाइल मागे नेली. खिडकीबाहेर कुठेतरी एक कबूतर घुमत होतं, फार पुसट. माईक जसजसा खिडकीच्या बाजूला तिरका होत गेला तसतसं कबूतर जवळ येत गेलं. मिलिंद वळला असता तर गिटारचा आवाज बदलला असता, कबुतराचा नाही.

"कोई तो था वहाँ," रिझवान म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "आप ही होंगी. ताई तो वो आप ही को बोलता था न?"

तो स्वतः त्या दिवशी विदिशाला होता, एका लग्नात. मिलिंदकडे येऊ शकले असते अशा आणखी दोघांना मी आडून विचारलं. कोणी गेलं नव्हतं. आणि त्यांच्यातलं कोणी गेलंही असतं तरी मिलिंदने त्यांना ताई म्हटलं नसतं.

कारणं मी शोधली. त्याने काहीतरी दोरीची युक्ती केली असेल, पायाने माईक ओढत असेल. स्टँड मी बघितला. तळाला जड लोखंडी चकती आहे. फरशीवर सरकवला तर भिंतीपलीकडे ऐकू जाईल एवढा कर्कश आवाज होतो. एकटेपणाने माणूस स्वतःशी बोलतो, तसा तो माझ्याशी बोलला असेल. ते पटतं. पण मग माईक...?

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. मला लाज वाटली. जे कोणी तिथे होतं ते माझं काम करत होतं. आणि माझ्यापेक्षा चांगलं करत होतं. मी गेले त्या एकाच रविवारीही घाई केली होती.

हे सगळं मी माझ्यापाशीच ठेवणार होते. पण मार्चमध्ये एका दुपारी अनघा माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आज ऐकते. तुम्ही जवळ बसा."

मी फक्त शेवटचा भाग लावला, धून सुरू होते तिथून. ती ऐकत राहिली. संपल्यावर डोळे पुसले आणि मला काही कळायच्या आत तिने फाइल पहिल्यापासून लावली. "त्याचं बोलणं आहे का यात?"

मी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही.

"घाई नको, ताई."

अनघाने हेडफोन काढला.

"तुम्ही होतात तिथे?"

मी हात पुढे करून फाइल थांबवली.

"ताई, मी दीड महिना झोपलेले नाही," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांत आठ दिवस सोडून गेले मी त्याला. दिवसभर एकटा होता, कोणाशी दोन शब्द न बोलता गेला, असंच डोक्यात येत राहतं... तुम्ही होतात तर मला बोलला का नाहीत?"

"सुचलं नाही," मी म्हणाले. "तुझी अवस्था बघून."

हे ते खोटं. एवढं बोलायला मला एक क्षणही लागला नाही. अनघाचा चेहरा माझ्यासमोर बदलला. माझा हात धरून ती विचारत गेली आणि मी उत्तरं देत गेले.

"जेवला होता?"

"हो. वरणभात लावला होता म्हणाला."

"त्याला येतो तेवढाच," ती हसली. रडता रडता. "छातीत दुखतंय वगैरे काही बोलला?"

"नाही गं. खुशीत होता. सातवी झाली म्हणून."

"मग तुम्ही कधी निघालात?"

"चारला. निघताना चहा केला त्याने. चहा घेऊन निघाले."

चहा मी का म्हणाले? त्याच्याकडून कोणीही चहाशिवाय निघत नसे म्हणून. उत्तरात काहीतरी घालायचं म्हणून.

अनघाने मान हलवली. जणू अडलेलं काहीतरी जागेवर बसलं.

"तरीच. सोमवारी पहाटे कुलूप उघडून आत गेले, तर सिंकमध्ये त्याचा स्टीलचा ग्लास होता आणि एक कप. ते बघून मला तेव्हा फारच कसंतरी झालं. कोण आलं होतं, काय माहीत. लोक जमतील म्हणून मीच दोन्ही विसळून ठेवलं." मग म्हणाली, "कपात तळाशी चहा होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. शेवटचा घोट टाकून उठायची सवय तुमचीच."

मिलिंद कपातून चहा कधीच पीत नसे. कपातला चहा पटकन निवतो म्हणायचा. आणि शेवटचा घोट मी टाकते, हे खरं आहे. आई यावरून रागवायची.

त्या दिवसापासून अनघाला झोप लागते. आठवड्यातून एकदा तरी ती येते आणि त्या दुपारबद्दल काहीतरी विचारते. मी सांगते. आता मी सांगते ते खोटं आहे की नाही, हे मला ठामपणे म्हणता येत नाही. तिला खरं सांगायचं तर काय सांगू? की तो एकटा होता? तो एकटा होता असं मला वाटत नाही. की मी होते? मी नव्हते.

यावर कोणाकडे काही स्पष्टीकरण असेल तर वाचायला आवडेल. माझ्याकडे नाही. मला फक्त एकदा कुठेतरी हे स्पष्ट लिहून ठेवायचं होतं, कारण अनघाला मी ते कधी सांगणार नाही. त्या रविवारी मिलिंद ज्या ताईशी बोलत होता ती मी नव्हते. ती वेळेवर आली, घाई न करता त्याला हवी ती जागा शोधून दिली, धून पूर्ण होईपर्यंत थांबली आणि चहा घेऊन गेली. पाऊण तासाचं अंतर होतं. मला एवढंच करायचं होतं.